झटका मशीनचं कायमचं कुंपण: अनुदान मिळवण्यापासून शेवटची तार ओढेपर्यंत

मराठवाड्यातल्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, चार देवणी गाई, दोन कालवडी आणि डझनभर उस्मानाबादी शेळ्या आहेत. शेजारीच कडवळ, मका आणि पलीकडे सोयाबीन-तूर. दिवसा आपली जनावरं पिकात जाऊ नयेत आणि रात्री रोही (नीलगायी), रानडुकरं आत येऊ नयेत, या दोन्हींसाठी एकच उपाय मला परवडला, तो म्हणजे सौर झटका मशीनचं कायमचं कुंपण. त्याआधीची पाच वर्षं हरभरा फुलात आला की जागलीला जायचो. घरातलं एक माणूस महिना-दीड महिना रात्री झोपत नाही, ही किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. ते कुंपण उभं करताना मी ज्या चुका केल्या त्या दुसऱ्या कुणी करू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. मोटारीच्या पेटीतून किंवा आकडा टाकून तारेत सरळ वीज सोडणं म्हणजे कुंपण नव्हे, तो सापळा आहे. त्यात डुकराआधी आपला सालगडी, शेजाऱ्याचं लेकरू किंवा आपलीच गाय जाते. आकडा टाकला तर वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचा गुन्हा होतो, माणूस गेला तर मनुष्यवधाचा, आणि काळवीट किंवा रोही मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो. झटका मशीन वेगळ्या तत्त्वावर चालतं. ते साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ, ठोका देतं. दाब काही हजार व्होल्टचा असतो, पण प्रत्येक ठोक्यातली ऊर्जा मर्यादित असते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तारेत काही नसतं. जनावर दचकून मागे सरतं, चिकटून राहत नाही.

अनुदान नेमकं कशाला आणि किती

आपल्याकडे यासाठी थेट उपयोगी पडणारी योजना म्हणजे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना. ती वन विभागाची आहे. तिच्यात वैयक्तिक सौर कुंपणाला खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. याचा अर्थ नीट समजून घ्या. २०,००० रुपयांच्या खर्चावर १५,००० मिळतात. त्यापुढचा प्रत्येक रुपया आपल्या खिशातला. सौर पॅनल, बॅटरी आणि मशीन यांचा बराचसा भार या रकमेत उचलला जातो, पण खांब, तार आणि मजुरी बहुतेक आपल्यालाच पेलावी लागते. "सरकार कुंपण करून देतंय" असं कुणी सांगत आला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

दुसरी गोष्ट, ही योजना वन्यप्राण्यांपासून पिकाचं रक्षण करण्यासाठी आहे, जनावरं राखण्यासाठी नाही. तेव्हा अर्जात कारण पीक संरक्षणाचंच हवं. कुंपण उभं राहिलं की आपली गुरं आत थोपतात, तो त्याचा जोडफायदा.

ज्यांचा मूळ धंदाच शेळीपालनाचा आहे त्यांनी राष्ट्रीय पशुधन अभियानाकडे बघावं. तिथे १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून ५०० शेळ्या आणि २५ बोकडांपर्यंतच्या गटांना ५० टक्के भांडवली अनुदान आहे. लहान गटाला १० लाखांपर्यंत, मोठ्याला ५० लाखांपर्यंत, दोन हप्त्यांत. मात्र तो बँकेच्या कर्जाशी जोडलेला मोठा प्रकल्प होतो. कुंपणाचा खर्च प्रकल्प अहवालात मांडायचा असेल तर आधी जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. चार गाई-दहा शेळ्यांवाल्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम: गाव यादीत आहे का ते बघणं

अनुदान वन विभागाने संवेदनशील ठरवलेल्या गावांना मिळतं, आणि मराठवाड्यात खरी अडचण इथेच येते. कन्नडकडे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, बीडमध्ये नायगाव मयूर, धाराशिवमध्ये येडशी रामलिंग घाट, नांदेडच्या किनवट-माहूर पट्ट्यात पैनगंगा अभयारण्य आणि तिथलं जंगल. या भागांतल्या गावांचं काम तुलनेने सोपं. पण लातूर, परभणीसारख्या जिल्ह्यांत जंगल नावालाच आहे, तरी माळरानावर आणि नदीकाठच्या वेड्या बाभळीत हरणं, रोही, डुकरं भरपूर. जंगल नाही म्हणून यादीत नाव नाही, आणि पीक मात्र जातंच.

म्हणून सगळ्यात आधी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन गावाचं नाव तपासा. नसेल तर हताश होऊन परत येऊ नका. पीक खाल्लं गेलं की तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे नुकसानीचा अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या. भरपाईची रक्कम थोडी असते म्हणून आपल्यातले बहुतेक जण हा अर्ज करतच नाहीत. पण कागदावर नुकसान नसेल तर गाव संवेदनशील आहे हे सांगायचं कशाच्या जोरावर? एका हंगामात पंधरा-वीस पंचनामे झाले, त्यांच्या प्रती जोडून ग्रामसभेचा ठराव गेला, तर मागणीला वजन येतं. पीक विम्यातही खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्तीत घेण्याचा निर्णय केंद्राने केला आहे. तिथे ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. दोन्हीकडचे अर्ज वेगळे आहेत, गल्लत करू नका.

अर्जाआधी बांधाचा वाद मिटवा

कुंपण कायमचं करायचं तर हद्द पक्की हवी. धुऱ्याचा वाद असताना खांब रोवले तर ते खांब पुढे पुरावा म्हणून नाचवले जातात आणि भांडण दुप्पट होतं. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे ई-मोजणीतून मोजणी मागवा, खुणा पक्क्या करून घ्या आणि आपल्या हद्दीच्या दोन-तीन फूट आतून तार न्या. ती मधली पट्टी गवत काढायला लागतेच.

वाटेचंही तसंच. पाणंद, गाडीवाट किंवा वहिवाटीचा बांध अडवलात तर शेजारी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो आणि अडथळा काढायचा हुकूम होऊ शकतो. जिथे वाट आहे तिथे फाटक ठेवा. शेजाऱ्याला आधी सांगा, घरी जाऊन सांगा. माझ्या शेजारच्या काकांनी आधी नाही म्हटलं, पण त्यांच्या बैलगाडीसाठी बारा फुटांचं फाटक ठेवतो म्हटल्यावर स्वतः दोरी धरायला आले.

कागद आणि अर्ज

अर्ज महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर भरतात. आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो नसेल तर आधी तो काढा. आधारशी मोबाइल आणि बँक खातं दोन्ही जोडलेलं असावं. खातं जोडलेलं नसल्याने पैसे अडकल्याची उदाहरणं आमच्याच गावात तीन आहेत. चालू ७/१२ आणि ८ अ, पासबुकाची प्रत, जमीन सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतिपत्र, मशीनचं कोटेशन, आणि गावातल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा किंवा ग्राम परिस्थितीकीय विकास समितीचा ठराव, असा संच तयार ठेवा. जमिनीवर वनजमिनीचं अतिक्रमण नसावं आणि ती वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गात येत नसावी, हेही तपासलं जातं.

७/१२ वरची पिकाची नोंद बघून घ्या. ई-पीक पाहणीत वावर पड दाखवलेलं असेल आणि आपण पीक वाचवायला अनुदान मागत असू, तर तपासणीला येणारा माणूस विचारणारच.

पोर्टलवर अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे. सेवा केंद्रवाला भरून देत असेल तर त्याची मजुरी वेगळी द्या, पण पावती आणि अर्ज क्रमांक हातात घेतल्याशिवाय उठू नका. २०२५ पासून महाडीबीटीवर सोडतीऐवजी आधी येणाऱ्याला आधी लाभ असा क्रम सुरू झाला आहे. त्यामुळे कागद जमवून मग एका दमात अर्ज भरणं चांगलं.

आणि आता माझी चूक. अर्ज केला, निवडीचा संदेश आला, आणि मी आनंदात दुसऱ्याच दिवशी मशीन घेऊन आलो. पूर्वसंमतीपत्र त्यानंतर दहा दिवसांनी आलं. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची, म्हणून प्रकरण परत आलं. दोष माझाच होता, पत्रात अट स्पष्ट होती. निवड होणं आणि पूर्वसंमती मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा, जीएसटीचं पक्कं बिल आपल्याच नावावर घ्या, पैसे शक्यतो खात्यातून द्या, आणि दिलेल्या मुदतीत बिल पोर्टलवर चढवा.

मापं काढा, मग बाजारात जा

पाच एकरांचं चौरस वावर असेल तर त्याची परिमिती साधारण ५६९ मीटर भरते. तेच पाच एकर पन्नास मीटर रुंदीच्या पट्टीत असतील तर ९०० मीटरच्या वर. दुकानदार "एकरी इतके" असा भाव सांगतो, तो ऐकूच नका. टेप घेऊन धुरा फिरा.

याच गणितातून एकत्र कुंपणाचा फायदा दिसतो. शेजारशेजारचे चार शेतकरी, प्रत्येकाचं पाच एकराचं चौरस वावर, चारही मिळून एक मोठा चौरस. वेगवेगळी कुंपणं केली तर २,२७६ मीटर. चौघांनी मिळून बाहेरूनच फिरवलं तर १,१३८ मीटर, म्हणजे बरोबर निम्मं. खांब, तार, मजुरी सगळं निम्मं. अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तपासणीही प्रत्येकाच्या नावावर होते. म्हणून एकत्र कुंपण चालेल का, आणि समितीच्या ठरावात ते कसं लिहायचं, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला आधीच विचारून घ्या. दोन वेगळ्या मशीनच्या तारा शेजारीशेजारी नेऊ नका. त्यांच्यात किमान अडीच मीटर अंतर हवं, नाहीतर दोन्ही तारांना एकाच वेळी शिवणाऱ्याला दोन मशीनचे ठोके लागोपाठ बसतात.

आता सामान. वर सांगितलेल्या चौरस पाच एकराला, सहा तारांच्या कुंपणासाठी सुमारे ३,४१४ मीटर तार लागते. अडीच मिलिमीटरची जस्त चढवलेली ताठ तार घेतली तर ती किलोला सुमारे २६ मीटर येते, म्हणजे १३२ किलो. गाठी आणि वळणांना पाच टक्के वाढीव धरा. पंधरा फुटांवर एक खांब धरला तर १२५ खांब. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नका. अडकलेलं जनावर सुटू शकत नाही आणि ठोके खात राहतं.

मशीन घेताना "किती एकर चालतं" हे विचारू नका, किती ज्यूलचं आहे ते विचारा (ज्यूल म्हणजे ठोक्यातल्या ऊर्जेचं माप). स्वच्छ तारेला कुंपणाच्या किलोमीटरमागे साधारण एक ज्यूल हा ढोबळ हिशेब चालतो. पावसाळ्यात गवत चढतं म्हणून थोडं जास्त घ्यावं. मशीनवर भारतीय मानक आयएस ३०२ च्या भाग २, विभाग ७६ चा उल्लेख आहे का ते बघा. हे मानक कुंपणाच्या मशीनसाठीच आहे. गावात जोडून मिळणारी बिनछापाची खोकी स्वस्त असतात, पण त्यांचा ठोका किती लांबतो हे कुणालाच माहीत नसतं. बॅटरी अशी घ्या की तीन-चार दिवस आभाळ राहिलं तरी मशीन बंद पडू नये. आपल्याकडे अडचण येते ती आषाढ-श्रावणात, उन्हाळ्यात नाही. पॅनलचं तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण वीस अंशांचा ठेवा.

खांब आणि काळी जमीन

इथे थोडं थांबतो, कारण पश्चिम महाराष्ट्रातून आलेले कारागीर इथेच फसतात. आपली काळी रेगूर जमीन पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हातभर भेगा पडून आकसते. त्यात दीड फूट रोवलेला खांब दुसऱ्या वर्षी कलतोच. आठ फुटांचा खांब घ्या, अडीच फूट जमिनीत घाला, खड्डा मुरमाने ठासून भरा, वर मातीचा उंचवटा करा म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही. कोपऱ्यांचे खांब जाड हवेत, काँक्रीटमध्ये, आणि दोन्ही बाजूंनी टेकू दिलेले. सगळ्या तारांचा ताण त्या चार खांबांवर असतो. मी कोपऱ्यांवर पैसे वाचवले नाहीत, आणि तिसऱ्या वर्षीही तार वीणेसारखी ताठ आहे.

अँगलचे खांब असतील तर प्रत्येक तारेला चांगलं इन्सुलेटर लागतं. प्लास्टिकचं हलकं इन्सुलेटर दोन उन्हाळ्यांत तडकतं. कोपऱ्यांवर चिनी मातीचंच लावा.

तारांची उंची जमिनीपासून ८, १६, २४, ३६, ४८ आणि ६० इंच. खालच्या तारा जवळजवळ, कारण डुक्कर नाक खुपसून येतं आणि शेळी मान घालून निसटते. वरच्या तारा रोह्यासाठी. नुसत्या गाई-म्हशी थोपवायच्या असतील तर तीन तारा पुरतात.

अर्थिंग: सगळं कुंपण यावर चालतं

झटका बसतो तो तारेतून जनावराच्या अंगात, अंगातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे. ही वाट कुठेही तुटली की झटका नाही. पावसाळ्यात माती ओली असते म्हणून सगळं छान चालतं. मार्चपासून माती वाळते, भेगा पडतात, मुरमाड माळावर तर ओल राहतच नाही. माझ्या पहिल्या एप्रिलमध्ये तारेला व्होल्ट होते आणि शेळ्या खुशाल तारेतून जात होत्या. मशीन बिघडलं म्हणून मी ते दोनदा दुरुस्तीला नेलं. बिघाड मशीनमध्ये नव्हता, जमिनीत होता.

दोन उपाय एकत्र करा. पहिला, जस्त चढवलेले किमान तीन लोखंडी रॉड, प्रत्येकी सहा फुटांचे, एकमेकांपासून दहा फुटांवर, आणि शक्यतो हौद, नळ किंवा गुरांच्या पाण्याच्या टाकीजवळ, जिथे जमीन बारमाही ओली राहते. घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून हे रॉड किमान तेहतीस फूट लांब हवेत. दुसरा उपाय त्याहून महत्त्वाचा. सहापैकी दुसरी आणि चौथी तार मशीनच्या अर्थला जोडा, बाकी चारांत झटका सोडा. जनावर आत घुसताना झटक्याची आणि अर्थची तार एकदम शिवतं आणि जमीन कितीही कोरडी असली तरी ठोका बसतो. मराठवाड्यात कायमचं कुंपण करणाऱ्याने ही जोडणी सोडू नये.

अर्थिंग तपासायचं असं. मशीन बंद करा. अर्थचे रॉड जिथे आहेत तिथून शंभरेक मीटर लांब, झटक्याच्या तारेला टेकवून दोन-तीन लोखंडी पहारी जमिनीत ठोका. मशीन सुरू करा. तारेचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली आला पाहिजे, नसेल तर मशीन बंद करून आणखी पहारी लावा. मग कुंपणाच्या खास टेस्टरने शेवटच्या अर्थ रॉडवर मोजा. तिथे ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आणखी एक रॉड ठोका, परत मोजा. साधं मल्टिमीटर यासाठी वापरू नका, जळेल. पहारी काढल्यावर कुंपणाच्या सर्वात लांबच्या टोकाला गाईंसाठी ४,००० आणि शेळ्या-डुकरांसाठी ५,००० व्होल्ट तरी मिळाले पाहिजेत.

वरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तिच्याखालून समांतर कुंपण नेऊ नका, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. रस्त्याकडेला दर शंभर मीटरवर पिवळी पाटी लावा, "झटक्याचे कुंपण", मोठ्या अक्षरांत आणि शेजारी विजेचं चित्र, कारण ऊसतोडीला आलेल्या सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही.

तपासणी, सवय आणि निगा

काम झालं की अक्षांश-रेखांश उमटणारे फोटो काढा: मशीन, त्यावरचा क्रमांक, पॅनल, बॅटरी, चारही कोपरे. मोका तपासणीच्या दिवशी बिलावरचा क्रमांक आणि मशीनवरचा क्रमांक जुळला पाहिजे. तपासणी अहवाल पोर्टलवर गेल्याची खात्री करा, महिनाभर काहीच हललं नाही तर अर्ज क्रमांक घेऊन कार्यालयात जा.

जनावरांना लगेच त्यात सोडू नका. आखाड्याजवळ गुंठाभर जागेला आधी दोन तारा लावा, दुपारी दोन-तीन तास गाई आत ठेवा, आणि तारेला ओल्या कडब्याची पेंढी अडकवा. गाय नाकाने हुंगते, एकदा ठोका बसतो, आणि पुन्हा ती त्या तारेच्या हातभर अंतरातही येत नाही. घाबरून पळायला जागा हवी, म्हणून गर्दी करू नका. शेळ्यांना तीन-चार दिवस लागतात. नवीन आणलेलं जनावर असेल तेव्हा हे सगळं परत करायचं.

रोज संध्याकाळी एक व्होल्ट वाचन वहीत लिहा. दाब हळूहळू उतरला तर गवत चढलं आहे, एकदम पडला तर तार तुटली आहे किंवा इन्सुलेटर फुटलं आहे. मृगानंतर दर पंधरा दिवसांनी खालच्या तारेखालचं गाजर गवत आणि हराळी काढा, नाहीतर सगळा झटका गवतातूनच जमिनीत उतरतो. बॅटरी पाणी भरायची असेल तर महिन्याला पाणी बघा. रोहिणी-मृगात विजा चमकायला लागल्या की मशीन तारेपासून आणि अर्थपासून दोन्हीकडून सोडवून ठेवा आणि त्या वेळी कुंपणाला हात लावू नका. मी मशीनजवळ एक साधी खटकी बसवली आहे. आभाळ भरून आलं की आमची आईसुद्धा काठीने ती पाडून येते आणि पाऊस उघडला की परत लावते.